गाडीची चावी दुसऱ्याला देताय? चावी हातातून गेली तरी जबाबदारी तुमचीच राहते

१७ जून २०२४, सोमवार. छत्रपती संभाजीनगरजवळच्या खुलताबाद तालुक्यात शूलिभंजन इथल्या दत्तधाम मंदिराच्या डोंगरावर एक तरुणी मित्राच्या मोबाइलसमोर रील करत होती. त्या वेळच्या बातम्यांनुसार तिला गाडी चालवता येत नव्हती. ती स्टिअरिंगवर बसली, गाडी रिव्हर्समध्ये मागे जाऊ लागली, वेग वाढला आणि कठडा तोडून गाडी दरीत कोसळली. तरुणीचा जागीच मृत्यू झाला. पोलिसांनी चित्रण करणाऱ्या मित्रावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला.

तो व्हिडिओ देशभर फिरला. बहुतेकांनी ‘रीलचं वेड’ म्हणून तो पुढे पाठवला. पण ही घटना फक्त रीलची नाही. ‘जरा चालवून बघू का?’, ‘अरे, दोन मिनिटांत आणून देतो’, ‘गल्लीतच तर आहे’ असं म्हणत घराघरांत चावी या हातातून त्या हातात जाते. मित्र, मेहुणा, कॉलेजात जाणारा मुलगा, कामावरचा पोऱ्या, कुणालाही आपण नाही म्हणत नाही. चावी देताना मालकाने काय पाहायचं, कायदा काय सांगतो आणि संभाजीनगरच्या आसपासच्या रस्त्यांवर नेमकी काळजी कुठे घ्यायची, ते समजून घेऊ.

चावी दिली म्हणजे जबाबदारी गेली का?

नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५ सरळ मालकाशी बोलतं. ज्याच्याकडे वैध परवाना नाही किंवा ज्याचं वय बसत नाही, अशा माणसाला मालकाने गाडी चालवू देऊ नये, असं ते सांगतं. हे मोडलं तर कलम १८० लागू होतं. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हा दंड चावी देणाऱ्याचा आहे. विनापरवाना चालवणाऱ्यावर कलम १८१ प्रमाणे वेगळी कारवाई होते.

‘मला माहीत नव्हतं त्याच्याकडे लायसन्स नाही’ हे उत्तर फारसं टिकत नाही. म्हणून ओळखीचा माणूस असला तरी परवाना बघायला मागण्यात संकोच नको. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधला परवाना ग्राह्य आहे, त्यामुळे ‘घरी राहिलं’ ही सबबही आता चालत नाही. परवाना बघताना दोन गोष्टी पाहा: मुदत संपली आहे का आणि तो कोणत्या वाहनासाठी आहे. फक्त दुचाकीचा परवाना असलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने कारसाठी विनापरवानाच असतो.

शिकवायचंच असेल तर कसं?

गाडी शिकण्यात काहीच चूक नाही, प्रश्न कुठे आणि कसं शिकायचं याचा आहे. १८ वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला आधार कार्डाच्या आधारे परिवहन विभागाच्या ‘सारथी’ संकेतस्थळावरून घरबसल्या शिकाऊ परवाना काढता येतो. तो सहा महिने चालतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते.

शिकाऊ परवान्यावर गाडी चालवताना तीन अटी असतात. गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. शेजारी पक्का परवाना असलेली व्यक्ती हवी. आणि ती व्यक्ती गरज पडल्यास गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेली हवी. शिकवणारा बाहेर उभा राहून मोबाइल धरत असेल तर यातली मुख्य अटच मोडते. हँडब्रेक ओढायला किंवा चावी बंद करायला गाडीत कुणीच उरत नाही.

जागा निवडताना सपाट, मोकळं आणि चारही बाजूंनी कडा, विहीर, नाला किंवा वर्दळ नसलेलं मैदान पाहा. म्हैसमाळ, शूलिभंजन, वेरूळचा घाट या जागा सुंदर आहेत, पण पहिला धडा गिरवायच्या नाहीत. डोंगरावर चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

रिव्हर्समध्येच घोळ का होतो?

नवख्या माणसाची सर्वात धोकादायक चूक म्हणजे ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबणं. रिव्हर्स घेताना ती जास्त होते आणि त्याची कारणं साधी आहेत. मान मागे वळलेली असते, अंग तिरकं झालेलं असतं आणि त्याबरोबर उजवा पाय नकळत सरकतो. पायाखाली आहे तो ब्रेक, अशी चालवणाऱ्याची समजूत असते. गाडी थांबत नाही म्हटल्यावर तो घाबरून तेच पेडल आणखी जोरात दाबतो. गाडी उसळी मारते, तो आणखी दाबतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत घडतं.

यावर उपाय सवयीचा आहे. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीला टेकलेली ठेवा आणि ॲक्सिलरेटरसाठी फक्त चवडा वळवा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हीसाठी एकच पाय, उजवा. सपाट जागेवर रिव्हर्स घेताना बहुतेक वेळा ॲक्सिलरेटरची गरजच नसते. मॅन्युअल गाडी क्लच हळूच सोडला की सरकते आणि ऑटोमॅटिक गाडी ब्रेक सैल केला की चालू लागते. उंच टाचेच्या किंवा सैल चपला, पेडलजवळ घरंगळणारी पाण्याची बाटली, सरकणारं पायपुसणं यांनीही पेडल अडतं. आणि गाडी अनपेक्षित पळाली तर एकच नियम: पाय आधी पूर्ण उचला, मग ब्रेक दाबा.

मुलगा अजून १८ चा नाही, पण ‘मस्त चालवतो’

हे कौतुक महागात पडतं. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला ठाऊकच नव्हतं किंवा आपण रोखायचा पूर्ण प्रयत्न केला, हे सिद्ध करणंही पालकांच्याच माथी येतं.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती. त्या गाडीची किंमत मोठी होती म्हणून ती बातमी झाली. पण हा कायदा लाख-सव्वा लाखाच्या स्कूटरलाही तसाच लागू आहे. ट्यूशनला जाण्यासाठी दहावीतल्या मुलाला दुचाकी देणाऱ्या प्रत्येक घराने हे कलम एकदा वाचावं.

विमा आहे ना, मग काळजी कशाची?

विमा आहे, पण तो अटींवर आहे. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. त्यातून तुमच्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मिळते. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. ते ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ पॉलिसीत असतं.

चालवणाऱ्याकडे वैध परवाना नसेल तर स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा कंपनी नाकारू शकते. तिसऱ्या व्यक्तीला भरपाई द्यायची वेळ आली तर न्यायालय अनेकदा कंपनीला आधी पैसे भरायला सांगतं आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. अपघाती मृत्यूच्या प्रकरणात ही रक्कम लाखांत जाते. घर, शेत गहाण ठेवायची वेळ येते ती इथे.

दुसरी चूक म्हणजे मुदत. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा मिळतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो. ‘तीन वर्षं निवांत’ असं समजून बसलेल्यांना हे अपघातानंतर कळतं.

गाडी विकली, पण कागद तुमच्याच नावावर

संभाजीनगरला गाड्यांची हौस नवी नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या, त्याची देशभर चर्चा झाली. शेंद्र्याला गाड्या बनतातही. पण ‘एमएच २०’ पाटीची जुनी गाडी विकताना आपण जितक्या घाईने पैसे मोजतो, तितक्या घाईने कागद करत नाही.

कायद्याप्रमाणे राज्यातच गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५ लागतो.

हे न केल्यास काय होतं? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच भरपाईसाठी मालक. मधे गाडी कितीही हातांतून गेली असली तरी आरसीवर नाव असलेल्या माणसाला जबाबदारी चुकत नाही. फक्त १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर सह्या घेऊन गाडी देणं पुरेसं नाही. नाव बदलल्याची ऑनलाइन खात्री होईपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असं समजू नका.

समृद्धी महामार्ग : सरळ रस्त्याचा धोका

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता सावंगी, माळीवाडा इथून शहराला जोडलेला आहे. प्रवासाचे तास कमी झाले, पण रस्त्याची सवय व्हायला वेळ लागतो आहे.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली, २५ प्रवासी गेले. १५ ऑक्टोबर २०२३ ला, पुन्हा मध्यरात्रीनंतरच, वैजापूर तालुक्यात जांबरगावजवळ सैलानीहून परतणाऱ्या भाविकांची गाडी ट्रकवर मागून आदळली आणि १२ जणांचा मृत्यू झाला.

कारसाठी इथे सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगात गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. समोरचा धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी ५० मीटर निघून जातात, ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर होते. म्हणून काही गोष्टी पक्क्या ठेवा:

• पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंदांचं अंतर. तिने एखादा खांब ओलांडला की मोजायला लागा. तीनच्या आत तुम्ही तिथे पोहोचलात तर फार जवळ आहात.
• दर दीड-दोन तासांनी थांबून उतरा. वळण नाही, सिग्नल नाही, समोरून गाडी नाही, अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू सुस्तावतो. गाणी किंवा चहा हा झोपेवरचा इलाज नाही, वीस मिनिटांची डुलकी आहे.
• रात्री बारा ते पहाटे पाच हा काळ शक्यतो टाळा. लग्न उरकून ‘रातोरात निघू, सकाळी ऑफिस गाठू’ हा बेत सर्वात घातक.
• गाडी बंद पडली तर ती डावीकडे पूर्ण बाहेर घ्या, धोक्याचे दिवे लावा, परावर्तक त्रिकोण बऱ्याच मागे ठेवा आणि सगळे कठड्यापलीकडे जाऊन उभे राहा. गाडीत बसून मदतीची वाट पाहू नका.

टायर : हाताच्या पंजाएवढी जागा

धावत्या कारचं रस्त्याशी नातं चार टायरच्या साधारण पंजाएवढ्या चार तुकड्यांपुरतं असतं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो, वर सिमेंटचा रस्ता आणि सलग वेग. बरेच जण ‘उन्हाळा आहे, हवा कमी ठेव’ म्हणतात. हे उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, त्यामुळे तो आणखी तापतो आणि फुटतो. ड्रायव्हरच्या दारालगत चिकटवलेल्या कागदावर कंपनीने सांगितलेला दाब लिहिलेला असतो. तो सकाळी, टायर थंड असताना भरा आणि स्टेपनीही तपासा.

टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो कायद्यानेही बाद. बाजूवरचे चार आकडे वाचायला शिका: २३२२ म्हणजे २०२२ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. कमी चाललेली गाडी असली तरी जुनं रबर कडक होऊन तडकतं.

घाटात आणि शहरात

कन्नड घाट, म्हणजे औट्रम घाट, इतका अवघड झाला की ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तिथे जड वाहनांना बंदी आली. कारने जाताना दोन नियम पाळा. उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. पेट्रोल वाचत नाही, उलट सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तोच आहे. उतारावर उभी करताना हँडब्रेक, गिअर आणि चाकं कठड्याच्या किंवा डोंगराच्या बाजूला वळवलेली, तिन्ही हवं.

शहरात प्रश्न वेगाचा कमी, घाईचा जास्त आहे. मकाई गेट, महेमूद दरवाजा यांसारख्या जुन्या दरवाजांतून आणि दौलताबादच्या तटबंदीतून एका वेळी एकच मोठं वाहन निघतं. तिथे नाक खुपसलं की दोन्हीकडची वाहतूक तुंबते. जालना रोडवर उड्डाणपूल उतरताना डावीकडून येणाऱ्या दुचाकी आरशात दिसत नाहीत, एकदा मान वळवून बघावं लागतं. वाळूज आणि शेंद्र्याच्या रस्त्यांवर कामाची पाळी सुटते तेव्हा सायकली, दुचाकी आणि कंपनीच्या बस एकदम बाहेर पडतात. त्या वेळेला पाच मिनिटं उशीर गृहीत धरूनच निघा.

मागे बसलोय, बेल्ट कशाला?

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता. मराठवाड्याचे नेते गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत अपघातात गेले, तेही मागच्याच आसनावर बसले होते.

गाडी थांबते, पण बेल्ट नसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जातो आणि पुढच्या आसनावर आदळतो. त्यात पुढे बसलेलाही चिरडू शकतो. मागच्या प्रवाशांनाही बेल्ट सक्तीचा आहे आणि बेल्ट न लावलेले प्रवासी नेणाऱ्या चालकावर कलम १९४ब खाली कारवाई होते. १४ वर्षांखालील मुलांसाठी बेल्ट किंवा मुलांचं वेगळं आसन हवं. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणं हे लाड नाहीत. धडकेत एअरबॅग आणि मोठ्या माणसाचं वजन यांच्यामध्ये ते बाळ सापडतं.

मोबाइल, रील आणि बनावट चलान

ताशी ४० च्या वेगात तीन सेकंद मोबाइलकडे पाहिलं तर गाडी ३३ मीटर आंधळी धावते. चालवताना चित्रण करणं, लाइव्ह जाणं किंवा शेजारच्याने ‘इकडे बघ’ म्हणणं, परिणाम एकच. चित्रण हवंच असेल तर चालकाने न करता, चालकाला न बोलता, कॅमेरा आधीच बसवून करा. गाडी कड्याच्या टोकावर नेऊन कधीच नको. आणि एखाद्याच्या मृत्यूचा व्हिडिओ आला तर तो पुढे पाठवू नका. तो त्यांच्या घरच्यांच्या मोबाइलवरही पोहोचतो.

ई-चलानही मालकाच्याच नावावर येतं, गाडी कुणीही चालवलेली असो. म्हणून चावी दिल्यानंतर काही दिवसांनी अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून बघा. व्हॉट्सॲपवर ‘तुमचं चलान थकलं आहे’ म्हणत एपीके फाइल आली तर ती उघडू नका. सरकार अशी फाइल पाठवत नाही. ती बसवली की बँक खातं रिकामं होऊ शकतं.

अपघात झालाच तर

११२ किंवा १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. पळून गेल्याने प्रकरण मोठंच होतं. मदत करणाऱ्या त्रयस्थाला कलम १३४अ चं संरक्षण आहे. त्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नियुक्त रुग्णालयात रोख न भरता मिळतात. त्यामुळे ‘पैसे कोण भरणार’ या विचारात पहिला तास वाया घालवू नका.

चावी देण्याआधीचे पाच प्रश्न

१. परवाना कारचा आहे का, मुदतीत आहे का?
२. त्याने दारू घेतली आहे का, झोप झाली आहे का?
३. ही गाडी, हा रस्ता त्याच्या सवयीचा आहे का?
४. विमा आणि पीयूसी चालू आहे का?
५. तो किती जणांना घेऊन, कुठे, किती वाजता जाणार आहे?

एकाही प्रश्नाचं उत्तर पटलं नाही तर चावी खिशातच ठेवा. ‘मी सोडतो तुला’ किंवा ‘रिक्षा करून देतो’ एवढं म्हटलं तरी काम होतं. मित्र चार दिवस रुसेल, पण तो रुसवा निघतो.